गाडी घसरू द्या: मुलांनी हाताळायचं रेल्वेचं विज्ञान दालन कसं उभारावं

मुलांसाठी रेल्वेचं दालन करायचं ठरलं, की सगळ्यात आधी मागणी येते ती इंजिनाची. लाल-काळं, धुराड्याचं, आत चढून बसता येईल असं मोठं इंजिन. मुलं त्यात बसतात, घंटा वाजवतात, फोटो काढून घेतात आणि दोन मिनिटांत पुढे जातात. फोटो छान येतात, पण चाक रुळावर का टिकतं हे त्या इंजिनातून कुणालाच कळत नाही. इंजिन जरूर ठेवा. फक्त पैसा, जागा आणि डोकं आधी तिथे खर्च करू नका.

मुलाने हाताने काहीतरी बदललं आणि त्यामुळे समोर काहीतरी वेगळं घडलं, तरच दालन शिकवतं. बटण दाबलं आणि गाडी गोल फिरली, यात मुलाने काहीच ठरवलेलं नसतं. उलट चुकीचा पर्यायही हाताशी असला, तो निवडल्यावर गाडी खरोखर घसरली, पूल खरोखर कोसळला, तर मूल थांबतं, पुन्हा मांडतं, पुन्हा सोडून बघतं. म्हणून पुढच्या सगळ्या सूचना एकाच आग्रहातून आल्या आहेत: गाडी घसरायला हवी, आणि घसरल्यावर कुणाला लागायला नको.

इथे दिलेली मांडणी एका मोठ्या वर्गखोलीएवढ्या जागेत बसते. वयोगट साधारण 5 ते 11 वर्षं धरला आहे. सुतारकाम जाणणारा एक माणूस, लाकूड कातून देणारा एक खरादी आणि थोडी चिकाटी, एवढ्यावर हे उभं राहतं.

आधी प्रश्न, मग लाकूड

कागद घ्या आणि मुलं विचारतील असे प्रश्न लिहा. गाडी वळणावर पडत का नाही? चढावर इंजिन मागे का घसरत नाही? डबे तुटून सुटले तर काय होतं? दोन गाड्या एकाच रुळावर येत कशा नाहीत? प्रत्येक प्रश्नापुढे दोन गोष्टी लिहा: मूल काय बदलणार, आणि बदलल्यावर त्याला काय दिसणार किंवा हाताला काय जाणवणार. दुसरा रकाना भरता आला नाही, तर तो विषय टेबलावर आणू नका.

या कसोटीवर कितीतरी आवडीचे विषय गळतात. 1829 च्या रेनहिल इथल्या स्पर्धेत जिंकलेल्या स्टीफन्सन पिता-पुत्रांच्या ‘रॉकेट’ इंजिनाच्या बॉयलरमध्ये तांब्याच्या 25 नळ्या होत्या. त्यांतून गरम वायू जायचा, पाण्याला उष्णता मिळायला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळायचा आणि वाफ भराभर तयार व्हायची. गोष्ट सुंदर आहे, पण मुलाच्या हाताला त्यात काम नाही. तिची जागा भिंतीवर. उन्हात रूळ लांबतात त्याचंही तसंच. 1 किलोमीटर पोलादी रूळ 40 अंशांनी तापला आणि त्याला मोकळं सोडलं, तर तो जवळपास अर्धा मीटर लांब होतो. पण टेबलावरच्या हातभर सळईत हा फरक केसाएवढा असतो आणि तोही सावकाश पडतो. मूल तेवढं थांबत नाही.

पुढे सहा खेळ दिले आहेत, त्यांतली चार ते पाच टेबलं पुरे. त्यांतलं पहिलं सगळ्यात जास्त मन लावून करा.

पहिलं टेबल: चाक आणि रूळ

बहुतेक मोठ्यांनाही वाटतं, की चाकाच्या आतल्या बाजूला जी उंच कडा असते, म्हणजे फ्लँज, तिच्यामुळे गाडी रुळावर राहते. फ्लँज ही खरं तर दुसऱ्या फळीतली सोय आहे. मुख्य काम चाकाचा उतार करतो. रेल्वेचं चाक नळकांड्यासारखं सरळ नसतं, किंचित शंकूसारखं असतं. आतल्या बाजूला त्याचा व्यास थोडा मोठा, बाहेरच्या बाजूला थोडा लहान. अनेक गाड्यांमध्ये हा उतार 1:20 असतो, म्हणजे चाकाच्या रुंदीत 20 मिलिमीटर सरकलं की त्रिज्या 1 मिलिमीटरने बदलते. दोन्ही चाकं एकाच आसावर पक्की बसवलेली असल्यामुळे ती एकत्रच फिरतात. जोडी उजवीकडे सरकली, की उजवं चाक मोठ्या व्यासावर चालू लागतं, एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि जोडी आपोआप डावीकडे वळते.

हे दाखवायला तीन लाकडी रोळ कातून घ्या. प्रत्येकाची लांबी 160 मिलिमीटर.

पहिला रोळ मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना बारीक: मध्ये व्यास 70, टोकांना 50 मिलिमीटर. दुसरा बरोब्बर उलटा, मध्ये 50 आणि टोकांना 70. तिसरा सरळ नळकांडं, 60 मिलिमीटर व्यासाचा. पहिल्या दोघांचा उतार 1:8 होतो, म्हणजे खऱ्या चाकापेक्षा बराच जास्त. मुद्दाम. 1:20 चा परिणाम एवढ्याशा रुळावर डोळ्याला दिसत नाही.

रुळांसाठी साधारण दीड मीटर लांबीचे दोन धातूचे गोल पाइप एकमेकांपासून 80 मिलिमीटरवर समांतर बसवा. हे अंतर रुळांच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत मोजा, म्हणजे प्रत्येक शंकू आपल्या मधोमध टेकेल. एक टोक 6 ते 8 सेंटिमीटर उंच करा. जास्त उंच केलंत तर रोळ इतक्या वेगात जातो, की काय झालं ते कुणालाच दिसत नाही. खाली आणि शेवटी फेल्टची गादी लावा, आणि दोन्ही बाजूंना 10 सेंटिमीटर उंचीची कड द्या म्हणजे घसरलेला रोळ जमिनीवर, पायावर पडणार नाही.

मुलांनी काय करायचं? रोळ मुद्दाम तिरका किंवा एका बाजूला सरकवून ठेवायचा आणि सोडायचा. मध्ये जाड असलेला रोळ डोलतो, उजवीकडे जातो, परत येतो, डावीकडे जातो, परत येतो आणि खाली पोचतो. मध्ये बारीक असलेला एकदा झुकला की झुकतच जातो आणि पडतो. सरळ नळकांड्याला कुणी सांभाळत नाही. जसं ठेवलं तसं ते जातं, आणि तिरकं ठेवलं असेल तर हळूहळू रुळावरून उतरतं. या टेबलाशी मूल पहिल्या रोळाला किती तिरकं ठेवता येईल याची सीमा शोधू लागतं. ही सीमा शोधू द्या. मध्ये हात घालून ‘असं नीट ठेव’ म्हणणाऱ्याला बाजूला घ्या.

त्या डोलण्याकडे मोठ्या मुलांचं लक्ष वेधा. खऱ्या गाडीतही चाकांची जोडी अशीच डोलते, आणि वेग वाढला की हे डोलणं धोक्याचं होतं. म्हणून अतिवेगवान गाड्यांच्या चाकांचा उतार कमी ठेवतात. जपानच्या शिंकानसेनसाठी तो 1:40 ठेवला गेला. एकाच आकारातून एक फायदा आणि एक तोटा निघतो, मग त्यातलं नेमकं किती घ्यायचं हे ठरवावं लागतं. अभियांत्रिकी म्हणजे काय, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

जागा असेल तर शेजारी वळणाचा एक रूळ जोडा. 1 मीटर त्रिज्येचं वळण या रोळाला सहज जमतं. वळणात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो, आणि पक्क्या आसावरची दोन चाकं वेगवेगळं अंतर कसं कापणार, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. उत्तर पुन्हा तोच उतार: रोळ थोडा बाहेर सरकतो आणि बाहेरची बाजू मोठ्या व्यासावर चालते. मोठ्या मुलांसाठी दोरीने मोजायचं एक काम ठेवा. काटकोनाच्या वळणात दोन रुळांच्या लांबीतला फरक वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून नसतो, फक्त रुळांमधल्या अंतरावर असतो. 1435 मिलिमीटरच्या प्रमाण मार्गावर (स्टँडर्ड गेज) तो सुमारे सव्वादोन मीटर येतो, वळण लहान असो की भलंमोठं. दोरी लावून हे पडताळून पाहिल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून दोरी हवीच.

दुसरं टेबल: ओढणं आणि चढण

पोलादी चाक पोलादी रुळाला जिथे टेकतं, ती जागा एखाद्या लहान नाण्याएवढी असते. चाक आणि रूळ दोन्ही कडक, फारसे दबत नाहीत, त्यामुळे सपाट रुळावर हळू चालणारी गाडी ओढत ठेवायला दर टनामागे साधारण दोन-तीन किलो वजनाइतका जोर पुरतो. पण शंभराला एक असा चढ आला, की त्याच एका टनाला आणखी 10 किलोंचा जोर लागतो. आपल्याला जाणवतही नाही असा चढ गाडीचं काम चार-पाच पट वाढवतो. घाटातले रूळ एवढे वळसे का घेतात, ते यातून कळतं.

टेबलावर बिजागरीने उचलता येणारी दीड मीटरची फळी घ्या. तिच्यावर बॉल बेअरिंगची चाकं असलेला डबा, 2 किलोपर्यंत वजन घेणारा. डब्याला मोठ्या आकड्यांचा स्प्रिंगकाटा अडकवा. मूल काट्याने डबा ओढतं, फळी एक खाच वर करतं, पुन्हा ओढतं. खाचा 1:20, 1:10 आणि 1:5 अशा ठेवा. शेजारी तसाच, पण चाकं अडकवून टाकलेला डबा ठेवा. घसरणं आणि लोळणं यांतला फरक समजावायला एक शब्दही लागत नाही, दंड दुखतो तेवढं पुरतं.

मग उलटा प्रश्न. घर्षण कमी असणं इतकं चांगलं, तर इंजिनाच्या चाकाला पकड कुठून मिळते? हाताच्या दांड्याने फिरणारं छोटं इंजिन याच फळीवर चढवायचं. गुळगुळीत चाकं एका चढानंतर जागीच फिरतात. वजन वाढवलं की पकड वाढते. रबरी कडी चढवली की आणखी वाढते. खरी इंजिनं निसरड्या रुळावर चाकांपुढे वाळू सोडतात. टेबलावर मात्र वाळू नको, ती जमिनीवर येते आणि मुलं पडतात. वाळूच्या जागी पॉलिश पेपरची पट्टी चिकटवा. शेवटी फळीवर दातेरी पट्टी बसवता येऊ द्या, म्हणजे दंतचक्र लावलेलं इंजिन 1:2 च्या चढावरही जातं. स्वित्झर्लंडमधली पिलाटुस रेल्वे 1889 पासून 100 मीटरला 48 मीटर असा चढ अशाच दात्यांच्या जोरावर चढते आहे.

दट्ट्या अडतो तिथे

वाफेच्या इंजिनाचा खरा गाभा म्हणजे पुढे-मागे जाणाऱ्या दट्ट्यातून (पिस्टनमधून) गोल गती मिळवणं. प्लायवूडचं 40 सेंटिमीटरचं चाक, त्यावर क्रँक (म्हणजे आसापासून बाहेर येणारा हात), त्याला जोडलेला दांडा आणि खाचेत सरकणारा ठोकळा एवढं करा. चाकाला हात लावायला जागाच ठेवू नका. मुलाने फक्त ठोकळा ढकलायचा-ओढायचा. ठोकळा अगदी टोकाला पोचला आणि दांडा व क्रँक एका रेषेत आले, की कितीही जोर लावा, चाक हलत नाही. मुलं इथे हमखास अडकतात आणि कुणी वेगाने झटका देऊन ती जागा पार करतं. हा शोध त्यांचा त्यांना लागू द्या.

आता त्याच आसावर दुसऱ्या बाजूला दुसरा ठोकळा जोडा, क्रँक पहिल्याशी काटकोनात. एक अडलेला असताना दुसरा पूर्ण जोरात असतो. दोन मुलांनी मिळून चाक फिरवलं, की वाफेच्या इंजिनाला दोन्ही बाजूंना सिलिंडर का असतात आणि ते काटकोनात का जुळवतात, हे त्यांच्या हातांना कळलेलं असतं.

ब्रेक: नळी निघाली तर?

हे माझं सगळ्यात आवडतं टेबल. इथे मुलांना ‘बिघडल्यावर सुरक्षित’ ही फार मोठी कल्पना भेटते.

जॉर्ज वेस्टिंगहाउस यांचा 1869 चा हवेचा ब्रेक असा होता: इंजिनातून नळीत हवा दाबून भरली की सगळ्या डब्यांचे ब्रेक लागायचे. पण डबे मध्येच तुटून वेगळे झाले, नळी फाटली, तर मागच्या डब्यांना ब्रेकच उरायचा नाही. 1872 मध्ये त्यांनी मांडणी उलटी केली. नळीत हवेचा दाब कायम ठेवायचा, तो आहे तोवर ब्रेक सुटलेले. दाब गेला, मग कारण काहीही असो, की ब्रेक लागतात.

मोठ्या, सुई नसलेल्या 60 मिलिलिटरच्या सिरिंजा आणि प्लास्टिकची नळी घ्या. बेअरिंगवर सहज फिरणारी दोन चाकं शेजारी-शेजारी बसवा. पहिल्या चाकाचा ब्रेक सिरिंजने दाबल्यावर लागतो. दुसऱ्याचा ब्रेक स्प्रिंगने कायम लागलेला असतो आणि सिरिंज दाबून धरली तरच सुटतो. एका मुलाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने सिरिंज सांभाळायची आणि तिसऱ्याने मध्येच नळी उपटायची. पहिलं चाक फिरतच राहतं. दुसरं खट्कन थांबतं. नळी उपटण्यासाठीच तिथे रांग लागते, म्हणून नळीचा सांधा नुसता आत खोचलेला असावा, पेचाचा नको.

मोठ्या मुलांना एक गोष्ट नक्की सांगा: खऱ्या गाडीत स्प्रिंगचं काम प्रत्येक डब्याखाली असलेली दाबलेल्या हवेची टाकी करते, आणि मुख्य नळीतला दाब घटला की एक झडप ती हवा ब्रेककडे सोडते. प्रतिकृतीत कुठे सोपं करून घेतलं आहे, ते मुलांपासून लपवू नये.

नळ्यांत पाणी भरायचा मोह आवरा. पाण्याने दाब नीट पोचतो हे खरं, पण ते गळतं, हिरवं पडतं, आणि गाडीत हवाच असते.

पूल आणि सांधे

पुलाचं टेबल सोपं आहे. प्लायवूडच्या 25 सेंटिमीटरच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या, हाताने फिरतील असे पंखवाले नट. चार पट्ट्यांचा चौकोन लचकतो, एक तिरकी पट्टी टाकली की तो ताठ होतो. मग मधलं अंतर 60 सेंटिमीटर ठेवून पूल बांधायचा आणि त्यावरून वजनदार डबा न्यायचा. डबा नेलाच पाहिजे. नुसतं मध्यभागी वजन ठेवलं, तर पूल फक्त एकाच जागी तपासला जातो.

सिग्नलच्या टेबलावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या बसवा, दोन्हींत खाच. एक पट्टी सांधा बदलते, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जोडणी हलवते. दुसरी सिग्नल उतरवते, म्हणजे गाडीला पुढे जायला मोकळीक देते. सांधा अर्धवट असेल तर त्याची पट्टी सिग्नलच्या खाचेत अडकून राहते आणि सिग्नल हलतच नाही. सिग्नल एकदा उतरवला, की आता सांधा हलत नाही. चूक करू नका अशी पाटी लावण्यापेक्षा चूक करताच येणार नाही अशी रचना केली आहे, हे मुलांनी दोन्ही दांडे ओढून पाहावं. जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल एकत्र हलवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट 1856 मध्ये घेतलं होतं. तर्कशास्त्रातलं ‘हे असेल तर ते नाही’ इथे लाकडात दिसतं. पट्ट्या झाकू नका, वर पारदर्शक ॲक्रिलिक लावा.

आधी पुठ्ठा

यातलं काहीही थेट प्लायवूडमध्ये करू नका. पुठ्ठा, चिकटपट्टी आणि कागदी पेले घेऊन पहिलं रूप बनवा. दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटवले की मध्ये जाड रोळ तयार, बुडाला बूड लावलं की उलटा रोळ तयार. ते चार-पाच मुलांपुढे ठेवा आणि गप्प बसा. वहीत तीन गोष्टी टिपा: हात आधी कुठे गेला, काय करायचं ते न सांगता कळलं का, आणि मूल दुसऱ्यांदा करून बघतं का. तिसरी सर्वांत महत्त्वाची. एकदाच करून निघून जाणारी मुलं जास्त असतील, तर निकाल फार सरळ आहे किंवा बदलायला काहीच नाही, असं समजा. पाटी सुधारून ही उणीव भरत नाही, खेळच बदलावा लागतो.

मापं आणि सुरक्षितता

टेबलाची उंची 60 ते 65 सेंटिमीटर ठेवा. लहानग्यांसाठी एक टेबल 45 ते 50 चं. किमान एका टेबलाखाली चाकाच्या खुर्चीचे गुडघे जातील एवढी, म्हणजे सुमारे 70 सेंटिमीटर मोकळी उंची हवी, त्यामुळे ते टेबल बाकीच्यांपेक्षा उंच होईल.

हलणाऱ्या भागांमधली फट 5 मिलिमीटरपेक्षा कमी किंवा 12 पेक्षा जास्त असावी. मधल्या मापात बोटं शिरतात आणि अडकतात. क्रँक आणि ब्रेकची स्प्रिंग या दोन जागा ॲक्रिलिकआडच हव्यात.

दालनात भावंडांबरोबर तीन वर्षांखालची मुलं येणारच. 31.7 मिलिमीटर व्यासाच्या आखूड नळकांड्यात पूर्ण मावेल असा कोणताही सुटा तुकडा त्यांच्या घशात अडकू शकतो. पुलाचे नट यात बसतात, म्हणून ते टेबल उंचच ठेवा आणि तिथे माणूस उभा करा. सुटी, लहान, ताकदवान चुंबकं अजिबात नकोत. दोन गिळली गेली तर आतड्याच्या पदराआडून एकमेकांना चिकटतात आणि जिवावर बेततं. डबे जोडायला हूक वापरा.

विजेचं काही केलंत, तर बॅटरीवर आणि 12 व्होल्टच्या आत. घरगुती विजेची तार मुलांच्या टेबलाशी येऊ देऊ नका. रंग शिशाविरहित, कडा गोल, स्क्रू पूर्ण आत बसवलेले.

पाट्या, आणि मोठी माणसं

प्रत्येक टेबलावर मुलांसाठी एकच वाक्य, तेही प्रश्न: ‘कोणता रोळ रुळावर टिकेल?’ उत्तर पाटीवर छापू नका. त्यामागचं विज्ञान मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, वेगळ्या रंगात लावा, म्हणजे मूल खेळत असताना पालक वाचतील आणि त्यांचे हात मोकळे राहणार नाहीत. मध्ये हात घालणारे पालक हा या कामातला सर्वांत मोठा अडथळा असतो, आणि ते प्रेमापोटीच तसं करतात. त्यांना बसायला टेबलापासून दोन पावलं मागे बाक द्या.

दालनात उभ्या राहणाऱ्या मार्गदर्शकाला ‘असं का झालं?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारू देऊ नका. लहान मुलाला तो परीक्षेसारखा वाटतो. ‘आता तू काय बदललंस?’ विचारलं की ते सांगू लागतं, आणि सांगता सांगता बऱ्याचदा कारणापर्यंत स्वतःच पोचतं.

देखभाल

प्रत्येक सुट्या वस्तूचे तीन संच करून ठेवा: एक टेबलावर, एक दुरुस्तीत, एक कपाटात. सगळीकडे एकाच मापाचे बोल्ट वापरा म्हणजे एका पान्यात काम होतं. गोंदाने चिकटवलेला सांधा टाळा, उघडून दुरुस्त करता येईल असा ठेवा. सिरिंजचं रबर घासून अडकायला लागतं. त्याला सिलिकॉन ग्रीस लावा आणि सिरिंजा ठराविक काळाने बदला. रोज दालन उघडण्याआधी एका माणसाने प्रत्येक टेबलावरचा खेळ स्वतः एकदा खेळावा, रोळ घसरवावा, नळी उपटावी, पूल पाडावा. जे टेबल नीट फसत नाही, तिथे फळी झाकून ‘दुरुस्ती चालू’ ठेवा. रुळांमधलं अंतर दर आठवड्याला पट्टीने मोजा. मुलं टेकतात तसे पाइप हळूहळू पसरतात, आणि फार पसरले की चांगला रोळही पडू लागतो. असं झालं तर अंतर गुपचूप दुरुस्त करण्याआधी जमलेल्या मुलांच्या हातात पट्टी द्या आणि ‘काय बिघडलं असेल?’ असं त्यांनाच विचारा.